सिममधलं विमान आणि हँगरमधलं विमान: सेसना, पायपर, डायमंड, सिरस यातलं आपलं कुठलं ते कसं ठरवायचं

दोन वर्षं आम्ही तिघं एकाच वादात अडकलो होतो, पायपर चेरोकी १८० घ्यायचं की सेसना १७२. तिघं म्हणजे मी आणि दोन मित्र, एक नाशिकचा, एक इंदूरचा, सगळे ओहायोत कोलंबसच्या आसपास राहतो, तिघांकडे प्रायव्हेट पायलटचं लायसन्स आणि तिघांच्याही बेसमेंटमध्ये सिमचा, म्हणजे कॉम्प्युटरवर विमान उडवायच्या फ्लाइट सिम्युलेटरचा सेटअप. सिममध्ये चेरोकीच्याच घराण्यातलं वॉरियर दर वेळी जिंकायचं, लँडिंग मऊ, वाऱ्यात शांत, दिसायला देखणं. मग मे महिन्यात आई साताऱ्याहून आली आणि आम्ही तिला विकायला असलेलं चेरोकी दाखवायला घेऊन गेलो.

चेरोकीला एकच दरवाजा, तोही उजवीकडे. मागून छोट्या पायरीवर पाय ठेवायचा, विंगवर चढायचं, काळ्या खरखरीत पट्टीवरून दोन पावलं चालायचं आणि मग वाकून, आधी पाय आत टाकून सीटवर उतरायचं. पायलट आधी आत जातो, म्हणजे मागून हात द्यायला तो नसतोच. आईनं पदर खोचला, विंगवर चढलीसुद्धा, पण आत उतरताना गुडघा वाकेना. ती मित्राच्या खांद्यावर हात ठेवून तशीच उभी राहिली आणि म्हणाली, अरे तुम्ही जाऊन या, मी इथूनच बघते. चार जागा सोडून एक जुनं १७२ उभं होतं, मालक ओळखीचे होते, त्यांनी दार उघडून दिलं आणि आई गाडीत बसावं तशी पुढच्या सीटवर बसली. दोन वर्षांचा वाद तिथं पाच मिनिटांत संपला, आणि सिममध्ये शेकडो तास घालवूनही ही गोष्ट कुणाच्याच डोक्यात आली नव्हती.

म्हणून हा लेख. सिममध्ये विमान निवडताना आपण बघतो की ते काय करू शकतं, विकत घेताना बघायला लागतं की आपण त्यात काय करणार आहोत. आणि हे दुसरं शोधून काढायला सिमच सगळ्यात स्वस्त साधन आहे, फक्त वापरायची पद्धत बदलायला लागते. मी अमेरिकेत आहे म्हणून नियम आणि आकडे इथले आहेत, भारतातल्यांसाठी शेवटाकडे वेगळं लिहिलंय.

पहिलं काम: मागच्या वर्षाची डायरी

विमानांची यादी करायच्या आधी मागच्या १२ महिन्यांत कुठे कुठे गेलात ते लिहून काढा. स्वप्नातल्या ट्रिपा नकोत, खरोखर झालेल्या. माझ्या यादीत बहीण राहते ते इंडियानापोलिस सात वेळा, शिकागो तीनदा, लेक एरीतल्या बेटावरच्या पुट-इन-बेला एकदा, आणि बाकी सगळं शनिवारी सकाळी एकट्यानं किंवा बायकोबरोबर तासभर उडून येणं. मी मनात मात्र रॉकी माउंटन्स ओलांडणारं विमान शोधत बसलो होतो.

आता हे अंतर आणि वेग शेजारी शेजारी मांडा. कोलंबस ते शिकागो सरळ रेषेत साधारण २४० नॉटिकल मैल. जुनं १७२ खऱ्या अर्थानं १०५ ते ११० नॉट देतं, म्हणजे सव्वादोन तास. सिरस एसआर२२ १७० नॉटच्या पुढे जातं, म्हणजे दीड तासाच्या आत. फरक पाऊण तासाचा, तोही वर्षातून तीनदा. इंडियानापोलिसला तर फरक साधारण अर्ध्या तासाचाच. ज्यांना दर आठवड्याला ५०० मैल जायचंय त्यांच्यासाठी सिरस किंवा बोनान्झासारखं वेगवान विमान योग्यच आहे, पण वेगाची किंमत प्रत्येक तासाला द्यावी लागते, तुम्ही घाईत असा किंवा नसा.

स्पर्धेत कोण कोण

सगळी विमानं इथं मांडत नाही, नेहमी तुलना होते तेवढीच घेतो.

सेसना १५२ दोन सीटचं, ११० हॉर्सपॉवरचं लायकमिंग ओ-२३५ इंजिन, जास्तीत जास्त वजन १,६७० पाउंड. शिकायला उत्तम, एकट्याला स्वस्त, पण दोन धडधाकट माणसं बसली की इंधनाला जागा उरत नाही. एमएसएफएसमध्ये, म्हणजे मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटरमध्ये, ते बेसिक आवृत्तीतच मिळतं आणि हातानं उडवायला शिकायचं असेल तर मी आजही त्याच्यापासूनच सुरुवात करायला सांगतो.

सेसना १७२ बद्दल वेगळं काय सांगायचं, १९५६ पासून बनतंय, मध्ये १९८६ ते १९९६ बंद होतं, ४४,००० च्या वर बनली. पण "१७२" हे एक विमान नाही हे लक्षात ठेवा, इथे खूप जण फसतात. सिममध्ये असतं ते १७२ एस, इंजेक्शनवालं १८० हॉर्सपॉवरचं इंजिन, २,५५० पाउंड. बाजारात बजेटमध्ये सापडतं ते सत्तरच्या दशकातलं एम किंवा एन, १५० किंवा १६० हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटर, २,३०० पाउंड. सिममध्ये एस उडवून एम विकत घेतलं तर पहिल्याच उन्हाळ्यात भरलेल्या विमानाचा क्लाइंब बघून जीव टांगणीला लागेल. एन मॉडेलमधल्या एच२एडी इंजिनाच्या कॅम आणि लिफ्टरच्या (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या भागांच्या) तक्रारी खूप जुन्या आणि माहितीतल्या आहेत, म्हणून एन बघत असाल तर कुठलं इंजिन आहे ते पहिल्या फोनवरच विचारा.

पायपरचं पीए-२८ घराणं म्हणजे चेरोकी, वॉरियर, आर्चर, ॲरो. लो विंग, इंधनाच्या सिलेक्टरला "बोथ" नाही, डावी-उजवी टाकी आपण आठवणीनं बदलत राहायची, आणि विंग खाली असल्यामुळं इंधन वर ओढायला पंप लागतो. सेसनाला टाक्या डोक्यावर, इंधन आपोआप खाली येतं. सिममध्ये टाकी बदलायची सवय लावून घ्या, अर्ध्या तासाचा टायमर लावून, कारण एका टाकीत भरपूर इंधन असताना दुसरी कोरडी पडून इंजिन बंद पडल्याच्या खऱ्या घटना आहेत.

डायमंड डीए४० माझं अतिशय आवडतं. काँपोझिट बॉडी, स्टिक, लांब ग्लायडरसारखे पंख, बाहेरचा नजारा असा की बाकी विमानं खिडकी लावलेली खोली वाटतात. एनजी मॉडेलला ऑस्ट्रोचं डिझेल इंजिन, १६८ हॉर्सपॉवर, जेट-ए म्हणजे जेट विमानांच्या इंधनावर चालतं, तासाला ६ ते ७ गॅलन, एकच पॉवर लिव्हर. एमएसएफएसमध्ये तेच आहे. फक्त किंमत आमच्या बजेटच्या कितीतरी पट होती.

सिरस एसआर२२, ३१० हॉर्सपॉवर, अख्ख्या विमानाला पॅराशूट. घरच्यांना पटवायला त्या पॅराशूटइतकं भारी काही नाही आणि त्यानं जीव वाचलेत हे खरंच आहे. पण दर १० वर्षांनी पॅराशूट बदलायला लागतं, तो खर्च हजारो डॉलरचा, आणि २०० हॉर्सपॉवरच्या वरच्या विमानाला वेगळं एंडोर्समेंट, म्हणजे इन्स्ट्रक्टरची लॉगबुकातली सही, लागतं, नवख्या पायलटला इन्शुरन्सही चढा पडतो.

ज्यांना हातानं बांधायची हौस आहे त्यांनी व्हॅन्सची आरव्ही मालिका बघावी, एक्स-प्लेन १२ या दुसऱ्या सिममध्ये आरव्ही-१० आहे. अमेरिकेत स्वतः बांधलेल्या विमानाचं दरवर्षीचं इन्स्पेक्शन स्वतः करायचं सर्टिफिकेट बांधणाऱ्याला मिळू शकतं, हा फार मोठा फायदा आहे. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादवांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान उभं केलं, २०१६ मध्ये मुंबईत मेक इन इंडियात ते लोकांनी पाहिलं, आणि परवानगीसाठी त्यांना किती वर्षं झगडावं लागलं तेही सगळ्यांनी पाहिलं. मला त्या माणसाबद्दल मनापासून आदर आहे.

सिम आधी प्रामाणिक करा

तुलना करायच्या आधी असिस्टन्सच्या मेनूत जाऊन सगळी मदत बंद करा, ऑटो-रडर, ऑटो-मिक्श्चर, ऑटो-ट्रिम, सगळं. मिक्श्चर, म्हणजे इंजिनात जाणाऱ्या इंधन-हवेचं प्रमाण, स्वतः ओढून कमी-जास्त करायला लागलं नाही तर पुढे दिलेल्या डोंगरातल्या टेस्टला अर्थच राहत नाही. हवामान लाइव्ह ठेवा. विमान आणि ॲड-ऑन शक्यतो तुम्ही बघताय त्याच मॉडेलच्या जवळचं घ्या, पायपरसाठी जस्ट फ्लाइटचं वॉरियर किंवा ॲरो, आणि मालकी म्हणजे काय हे घरबसल्या कळायला हवं असेल तर एटूएचं कोमँची, त्यात तुम्ही विमान जसं वापरता तसं ते झिजतं, प्लग खराब होतात, तेल बदलायला लागतं. एक्स-प्लेनमध्ये बिघाडांचा मेनू आहे, तिथं सरासरी किती तासांनी काही बिघडावं ते ठरवून सोडून द्या आणि विसरून जा.

मग वजन, सगळ्यात महत्त्वाचं. खरं वजन टाका, बायकोचं, मुलांचं, बॅगांचं, आणि ज्या विमानाचा विचार करताय त्याच्या विक्रेत्याकडून त्या विशिष्ट विमानाचा वेट अँड बॅलन्सचा कागद मागवून त्यातलं एम्प्टी वेट, म्हणजे रिकाम्या विमानाचं वजन, घ्या. ब्रोशरमधलं नको, ५० वर्षांत रेडिओ, ऑटोपायलट, कार्पेट, रंगाचे थर चढून विमान वजनदार झालेलं असतं.

आमचं उदाहरण देतो. १७२ एम, जास्तीत जास्त २,३०० पाउंड, आमच्या विमानाचं एम्प्टी वेट १,४२०, म्हणजे ८८० पाउंड आपल्या हातात, किलोत ४०० च्या आसपास. वापरता येण्यासारखं इंधन ३८ गॅलन, ॲव्हगॅसचा, म्हणजे विमानाच्या पेट्रोलचा, गॅलन ६ पाउंड, म्हणजे फुल टाकी २२८. उरले ६५२. मी १८५, बायको १४०, आई १३०, बाबा १६०, झाले ६१५. बॅगांना उरले ३७ पाउंड, म्हणजे चार जणांत एक छोटी बॅग आणि डबा. आता याच विमानात १९० पाउंडचे चार मित्र बसवा, ७६० होतात, १०८ पाउंड जास्त. म्हणजे १८ गॅलन इंधन कमी भरायचं, उरले २० गॅलन, तासाला ८ नं अडीच तास, त्यातला एक तास राखीव ठेवला तर उडायला दीड तास. चार सीटचं विमान हे बहुतेक वेळा तीन माणसांचं किंवा अर्ध्या टाकीचं विमान असतं, हे कागदावर एकदा स्वतःच्या हातानं मांडून बघा म्हणजे डोक्यात पक्कं बसतं. आणि नुसतं एकूण वजन नाही, सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे वजनाचा तोल, हाही हद्दीत आहे का ते बघायचं.

तीन टेस्ट, प्रत्येक विमानाला सारख्याच

पहिली टेस्ट उंचीची. कोलोरॅडोतलं लेडव्हिल निवडा, ९,९३४ फूट उंचीवरचा विमानतळ, जुलैमधली दुपार, तापमान २० डिग्रीच्या आसपास. तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड जवळपास १३,००० फुटांवर जाते, म्हणजे विमानाला वाटतं आपण १३,००० फुटांवरूनच निघालोय. टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटाला साधारण ३ टक्के ताकद गमावतं. पूर्ण वजन भरून १७२ घेऊन निघा, मिक्श्चर लीन करून, म्हणजे इंधन कमी करून, आणि व्हर्टिकल स्पीडचा काटा बघा. मी पहिल्यांदा मिक्श्चर फुल रिच ठेवून निघालो होतो, धावपट्टी संपेपर्यंत विमान जमिनीला चिकटून राहिलं. ओहायोत राहणाऱ्याला लेडव्हिलला जायचं नसतं हे खरं, पण ऑगस्टच्या दुपारी भरलेलं विमान छोट्या धावपट्टीवरून कसं वागेल त्याची जाण इथं येते.

दुसरी टेस्ट माझ्या मते सगळ्यात मोलाची आणि कुणीच करत नाही. तुमची खरी ट्रिप आधीच कॅलेंडरवर टाका. मी डिसेंबर ते फेब्रुवारी १२ शनिवार, सकाळी ९ वाजता, कोलंबस ते इंडियानापोलिस असं लिहून ठेवलं. प्रत्येक शनिवारी खरं हवामान बघायचं, खरोखर निघालो असतो का ते वहीत लिहायचं, आणि मगच सिम चालू करायचं. १२ पैकी ५ शनिवारी उत्तर "हो" आलं. बाकी दिवशी ढग खाली, ढगात बर्फ, नाहीतर वारा. १७२ किंवा चेरोकीला बर्फात उडायची परवानगी नाही, तिथं इन्स्ट्रुमेंट रेटिंग, म्हणजे ढगातून फक्त काट्यांवर उडायची परवानगी, असूनही फार फरक पडत नाही. म्हणजे हिवाळ्यात बहिणीकडे जायला गाडी ठेवायलाच लागणार, हे विमान घेण्याआधीच कळलं आणि त्यामुळं नंतर कधी मन खट्टू झालं नाही. आणि त्या ५ शनिवारी वॉरियरनं गेलो की १७२ नं, पोचायच्या वेळेत १० मिनिटांचाही फरक नव्हता.

तिसरी टेस्ट, कंटाळ्याची. दोन सलग तास ऑटोपायलट न लावता, पॉज न करता, एकाच जागी बसून उडवा. तुमचं बजेट बिनाऑटोपायलटच्या विमानाचं असेल तर हे असंच असणार आहे. आमच्यातल्या एकानं यानंतरच हट्ट धरला की विंग सरळ ठेवणारा साधा ऑटोपायलट तरी हवाच, आणि त्याचं बरोबर होतं.

सिमवर कुठे विश्वास ठेवू नये

लँडिंगवरून विमान निवडू नका. सिमचं ग्राउंड हँडलिंग, क्रॉसविंडमध्ये नाक वळणं, फ्लेअरमधला, म्हणजे टेकायच्या आधी नाक उचलतानाचा, तरंगायचा भाव, हे सगळं ॲड-ऑन बनवणाऱ्याच्या हातात असतं. आमचं वॉरियर-प्रेम बरंचसं यातूनच आलं होतं.

ट्रिमचं, म्हणजे हातावरचा दाब काढून टाकणाऱ्या चाकाचं, तर पूर्ण उलटं आहे. खऱ्या विमानात तुम्ही योक, म्हणजे विमानाचं स्टिअरिंग, धरून ठेवता, हातावर दाब येतो, ट्रिम फिरवत गेलं की तो दाब विरघळत जातो आणि योक तिथंच राहतो. घरच्या स्प्रिंगवाल्या योकला ट्रिम फिरवलं की हातही हळूहळू मधे आणायला लागतो. सिममध्ये खूप उडवून आलेला विद्यार्थी खऱ्या विमानात ट्रिमच्या मागे धावत बसतो आणि सारखा पॅनेलकडे बघतो. माझ्या इन्स्ट्रक्टरनं चार्ट काढून अख्खं पॅनेल झाकलं होतं आणि तासभर नुसतं क्षितिज बघून उडवायला लावलं, तेव्हा ती सवय सुटायला लागली.

आणि एक, घरच्या सिमचे तास लॉगबुकात धरत नाहीत. मान्यताप्राप्त ट्रेनरवर इन्स्ट्रक्टरसोबत केलेले तासही प्रायव्हेटच्या ४० पैकी फक्त २.५ धरतात. सिमचा खरा फायदा प्रोसिजरचा, रेडिओचा, जीपीएसची बटणं हाताखाली यायचा. व्हॅटसिम या ऑनलाइन नेटवर्कवर कंट्रोलर बनलेल्या खऱ्या माणसांशी एटीसी, म्हणजे कंट्रोल टॉवरची भाषा, बोलायची सवय फुकट होते, माझी टॉवरशी बोलायची भीती तिथंच गेली.

आता विमानतळावर जा

प्रत्येक उमेदवार विमानात घरच्या सगळ्यांना बसवा. आईची गोष्ट वर सांगितलीच. हाय विंगमध्ये खाली शेतं, नदी, घरं दिसतात, पाऊस आला तर पंखाखाली उभं राहता येतं, पण बेसवरून फायनलला, म्हणजे उतरायला धावपट्टीच्या रेषेत, वळताना पंख खाली येऊन नेमकी धावपट्टीच झाकतो. लो विंगला उलट, वळताना धावपट्टी दिसते पण खालचं अर्धं जग पंखाखाली. सेसनात इंधन बघायला वर चढायला लागतं, चेरोकीत उभ्या उभ्या झाकण उघडता येतं. नवीन १७२ एस ला इंधनात पाणी आहे का बघायला तब्बल १३ ड्रेन आहेत, चेरोकीला तीन. थंडीत बोटं गारठलेली असताना हा फरक चांगलाच जाणवतो.

पैशाचा हिशोब, दोन रकान्यांत

एक रकाना वर्षाचा, विमान उडो न उडो. दुसरा तासाचा. पुढचे आकडे फक्त पद्धत दाखवायला धरलेत, तुमच्या विमानतळावरचे भाव विचारून टाका.

समजा हँगर महिन्याला ३५० म्हणजे वर्षाला ४,२०० डॉलर, इन्शुरन्स १,५००, ॲन्युअल इन्स्पेक्शन २,५००, डेटाबेस, ट्रान्सपॉन्डरची दर २४ महिन्यांची तपासणी वगैरे मिळून ८००. झाले ९,०००. तासाचं बघा, ९ गॅलन गुणिले ६ डॉलर म्हणजे ५४, तेल ४, बारीकसारीक दुरुस्ती २०, आणि इंजिनासाठी बाजूला काढायचे १८, कारण ओव्हरहॉलला, म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवं करायला, ३६,००० धरले आणि लायकमिंग ओ-३२०, ओ-३६० साठी कंपनी २,००० तास सांगते. एकूण ९६. वर्षाला ५० तास उडलात तर १८० अधिक ९६, म्हणजे तासाला २७६. शंभर तास उडलात तर १८६. भाड्याचं विमान इंधनासकट १८० ला मिळत असेल तर एकट्यानं घ्यायला वर्षाला १०७ तास उडायला हवं तेव्हा बरोबरी होते. पण तीन भागीदार, प्रत्येकी ५० तास, तर प्रत्येकाचे वर्षाचे ३,००० आणि तासाला पडतात १५६. मला पगारातून भागवायचं होतं, म्हणून भागीदारी सोडून दुसरा रस्ताच नव्हता. शिवाय विमान आठवड्यातून दोन-तीनदा उडतं ते त्याच्या तब्येतीला चांगलं.

भागीदारी करताना करार लेखी करा, मित्र कितीही जवळचा असो. एखाद्याला बाहेर पडायचं तर त्याचा वाटा कोण, कुठल्या किमतीला घेणार, अचानक मोठा खर्च आला तर किती दिवसांत पैसे भरायचे, शनिवार कुणाचा, आणि उडवून आल्यावर टाकी कुठपर्यंत भरून ठेवायची. शेवटचा मुद्दा लहान वाटतो पण वजनाचं गणित वर पाहिलंत ना, दर वेळी फुल करून ठेवलं तर पुढच्याला चार जण नेता येत नाहीत.

खरेदीआधी: लॉगबुक, मेकॅनिक, आणि नाही म्हणायची तयारी

आमची पहिली चूक इथंच झाली. दुसऱ्या राज्यात एक १७२ होतं, ओव्हरहॉलनंतर इंजिन फक्त ६०० तास चाललेलं, रंग चकाचक, विकणारा म्हणाला नियमित उडतं. आपल्याला गाडीची सवय, कमी चाललेली गाडी चांगली. विमानात कमी चाललेलं म्हणजे बऱ्याचदा उभं राहिलेलं, आणि लायकमिंगच्या या इंजिनांत कॅमशाफ्ट वरच्या बाजूला असतो, विमान महिनोन्महिने उभं राहिलं की तेल निथळून खाली जातं आणि कॅम उघडा पडून गंजतो.

म्हणून ही साधी युक्ती, आम्हाला उशिरा सुचली. लॉगबुकातल्या प्रत्येक ॲन्युअलच्या नोंदीतली तारीख आणि टॅकोमीटरचे (इंजिनाच्या मीटरवरचे) तास शेजारी शेजारी लिहून काढा आणि वजाबाकी करा. त्या विमानाचा मागच्या सहा वर्षांचा हिशोब होता वर्षाला तीन तास, चार तास, एक वर्ष तर दोनच. आम्ही स्वतंत्र मेकॅनिक आधीच ठरवला होता म्हणून वाचलो. त्यानं ऑइल फिल्टर कापला, आतली घडीची कागदी पट्टी लांब उलगडून टेबलावर पसरली, पिळून कोरडी केली आणि वरून चुंबक फिरवला. चुंबकाला केसासारखे बारीक चमचमते कण चिकटले. त्यानं काही बोलायच्या आधीच आम्हाला कळलं. जायचा यायचा खर्च आणि मेकॅनिकचे पैसे गेले, पण ते पैसे गेले म्हणूनच ३६,००० वाचले.

प्री-बायमध्ये, म्हणजे खरेदीआधीच्या तपासणीत, किमान एवढं करून घ्या: प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन, ८० पैकी किती ते, सोबत बोरस्कोप म्हणजे बारीक कॅमेऱ्यानं व्हॉल्व्हचे फोटो, फिल्टर कापणं, विंगच्या आणि शेपटीच्या आतला गंज, आणि सगळ्या एडींची यादी, म्हणजे सरकारनं बंधनकारक केलेल्या तपासण्या आणि दुरुस्त्या. सेसनात सीट रेल बघा, रेलमधली भोकं झिजली की टेकऑफला नाक वर जाताच सीट सरकून मागे जाते आणि पायलटच्या हातात योक असतो, ही भयानक गोष्ट खरोखर घडलेली आहे म्हणून त्यावर एडी आहे. पायपर पीए-२८ मध्ये विंग स्पारच्या, म्हणजे पंखाच्या मुख्य तुळईच्या, बोल्टची भोकं, २०१८ मध्ये फ्लोरिडात डेटोना बीचला ट्रेनिंगच्या ॲरोचा पंख तुटून दोघं गेले, त्यानंतर एडी आली, तुमच्या विमानाला ती लागू होते का आणि तपासणी झालीय का ते कागदावर बघा. ओक्लाहोमा सिटीच्या रजिस्ट्रीतून विमानाची सगळी जुनी कागदपत्रं मागवता येतात, कुणाचं कर्ज बाकी आहे का तेही तिथंच कळतं. एडीएस-बी आउट, म्हणजे विमानाची जागा आपोआप कळवणारं यंत्र, बसवलेलं आहे का बघा, २०२० पासून मोठ्या विमानतळांच्या आसपास ते लागतंच.

मेकॅनिक विकणाऱ्याचा नको, त्याच विमानाचं ॲन्युअल करणारा तर नकोच.

भारतात असाल तर

खाजगी विमान डीजीसीए या सरकारी नियामकाकडे व्हीटी नोंदणीनं येतं, पण इथल्यासारखं मधल्या पगाराच्या माणसानं तिघात विमान घ्यायचं चित्र अजून तिथं नाही. इंधनाचा मोठा प्रश्न, ॲव्हगॅस मोजक्या ठिकाणी मिळतं, जेटचं इंधन मात्र एअरलाइन जाते तिथं सगळीकडे असतं, म्हणून डीए४० एनजीसारखं डिझेल विमान तिथं जास्त शहाणपणाचं. गोंदियाच्या ट्रेनिंग अकॅडमीमुळं विदर्भातल्या लोकांना डायमंड ओळखीचं आहेच. सीपीएल म्हणजे कमर्शियल लायसन्ससाठी २०० तास करायला निघालेल्या मुलांना माझं एवढंच सांगणं, तुमची अकॅडमी जे विमान वापरते तेच सिममध्ये घ्या, तेच पॅनेल, तीच चेकलिस्ट छापून मांडीवर. सिरसमध्ये मजा करून मग सेसनात बसलात तर पहिले दहा तास, तेही महागडे, बटणं शोधण्यात जातील.

घेतल्यानंतर

आम्हाला शेवटी मिळालं ते १७२ एम पेनसिल्व्हेनियात सापडलं, रंग उडालेला, सीटा फाटलेल्या, पण दरवर्षी ८०-९० तास उडालेलं आणि फिल्टर स्वच्छ. इन्शुरन्स कंपनीनं इन्स्ट्रक्टरसोबत काही तासांची अट घातली होती, ते तास विमान घरी आणतानाच पूर्ण केले. निघायच्या आठवड्यात मी तो रूट सिममध्ये तीनदा उडवला, एक्स-प्लेनमधल्या जुन्या गोल काट्यांच्या १७२ मध्ये, थ्रॉटल मुद्दाम कमी ठेवून, कारण सिममधलं १८० चं इंजिन आणि आमचं १५० चं. इंधनाला थांबायचा विमानतळ आधीच ओळखीचा झाला होता, टेकडी कुठल्या बाजूला, टॅक्सीवे कुठे वळतो, सगळं.

तेल आम्ही स्वतःच बदलतो, मालक असलेल्या पायलटला ती परवानगी आहे, फक्त लॉगबुकात नोंद करायची. फिल्टरवाल्या इंजिनाला ५० तास किंवा चार महिने, जे आधी येईल ते. आणि दर वेळी फिल्टर कापून, पट्टी उलगडून, वरून चुंबक फिरवतो.